सुई मागितली, गोळी मिळाली

जून २०१३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात बँकॉकमधल्या एका औषध-चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुईने नशा करणाऱ्या, पण एचआयव्हीची लागण न झालेल्या २,४१३ माणसांना या चाचणीत घेतलं होतं. निम्म्यांना रोज टेनोफोविर या औषधाची एक गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. सरासरी चार वर्षांच्या पाठपुराव्यात पहिल्या गटातल्या १७ जणांना लागण झाली, दुसऱ्या गटातल्या ३३ जणांना. हिशेब केला तर धोका ४८.९ टक्क्यांनी घटला. लागण होण्याआधीच औषध घेऊन ती टाळायची, या उपायाला ‘प्रेप’ म्हणतात. समलिंगी पुरुषांमध्ये आणि जोडीदारांपैकी एकाला लागण असलेल्या दांपत्यांमध्ये तो लागू पडतो हे आधीच सिद्ध झालं होतं. सुईने नशा करणाऱ्यांमध्येही लागू पडतो, असं दाखवणारी ही पहिली चाचणी.

बातमी चांगलीच होती. पण ज्यांच्यासाठी ती होती, त्यांच्या संघटनांनी तिचं स्वागत हातचं राखून केलं. थायलंडमधले कार्यकर्ते तर चाचणी सुरू होण्याच्या आधीपासून विरोधात होते. जीव वाचवणारी गोळी समोर ठेवली तर माणसं कपाळाला आठ्या का घालतात? याला ठरलेलं उत्तर असतं : अज्ञान, किंवा नशेने गेलेली बुद्धी. हे उत्तर मला पटत नव्हतं, म्हणून या विषयाच्या मागे लागलो.

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. औषधांच्या एका घाऊक दुकानात बरीच वर्षं वह्या लिहिल्या. कोणतं औषध कुठून येतं, काय भावाने जातं आणि कोणाच्या हाती पोचतच नाही, हे पाहायची सवय तिथे लागली. त्याच सवयीने या चाचणीचे शोधनिबंध, मानवी हक्क संघटनांचे अहवाल आणि नशा करणाऱ्यांच्या संघटनांची निवेदनं शेजारी शेजारी ठेवून वाचली. तेव्हा दिसलं ते असं, की त्या आठ्यांना पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. तो बाजूला ठेवला तर माणसं अडाणी वाटतात. तो वाचला तर त्यांचं गणित समजू लागतं.

सुरुवात १९८८ पासून करावी लागते. त्या वर्षाच्या आरंभी बँकॉकमध्ये सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीची लागण नगण्य होती. पाऊस सरेपर्यंत ती तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात गेली. इतक्या झपाट्याने एखाद्या शहरातल्या एखाद्या समूहात हा विषाणू पसरल्याची उदाहरणं तोवर फार थोडी होती. कारण साधं होतं. हेरॉइन मिळत होतं, सुया पुरत नव्हत्या, आणि तुरुंगात तर एकच सुई कित्येक हातांतून फिरत होती.

पुढच्या काही वर्षांत थायलंडने एड्सविरुद्ध जे केलं, त्याचं जगभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. मेचाई वीरवैद्य यांनी कंडोम हा शब्द घराघरांत नेला. १९९१ पासून देशभरातल्या वेश्यावस्तीत शंभर टक्के कंडोमचा कार्यक्रम राबवला गेला. सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांमधली लागण उतरू लागली. या यशाच्या कहाणीत एक पान मात्र कोरं राहिलं. सुईने नशा करणाऱ्यांमधली लागण तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान वर्षानुवर्षं तशीच राहिली. ज्या सरकारने कंडोम सढळ हाताने वाटले, त्याने सुया वाटल्या नाहीत. कंडोम वापरणारा माणूस सरकारच्या लेखी बेसावध नागरिक होता. सुई वापरणारा गुन्हेगार होता.

याच माणसांकडे संशोधकांचं लक्ष मात्र पुन्हा पुन्हा गेलं. १९९९ मध्ये बँकॉक महानगर प्रशासनाच्या दवाखान्यांतून एचआयव्हीवरच्या एका लशीची चाचणी सुरू झाली. अडीच हजारांच्या आसपास माणसं तीत उतरली. सगळी सुईने नशा करणारी. २००३ च्या अखेरीस निकाल लागला : लस निरुपयोगी. माणसांनी दंड पुढे केले, रक्त दिलं, वर्षानुवर्षं फेऱ्या मारल्या. यात फसवणूक कोणी केली नव्हती, विज्ञान असंच पुढे सरकतं. पण दंड पुढे करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर संशोधन आलं आणि गेलं, सुई काही आली नाही.

आणि लशीचा निकाल लागला ते वर्षच वेगळं होतं. १ फेब्रुवारी २००३ रोजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्र यांनी ‘अमली पदार्थांविरुद्ध युद्ध’ पुकारलं. पुढच्या तीन महिन्यांत सुमारे २,८०० माणसं मारली गेली. सरकार बदलल्यावर नेमलेल्या चौकशी समितीला दिसलं, की मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा अमली पदार्थांशी संबंधच नव्हता. गावोगाव संशयितांच्या याद्या तयार झाल्या होत्या. आपलं नाव यादीत आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. ज्याला नशा सोडायची होती तोही दवाखान्याच्या पायरीवर चढायला घाबरू लागला, कारण दवाखान्यातली नोंदवही आणि पोलिसातली यादी यांच्यामधली भिंत किती जाड आहे, याचा भरवसा उरला नव्हता. ह्यूमन राइट्स वॉचच्या २००४ च्या अहवालात ही भीती पानोपानी नोंदलेली आहे.

या युद्धाच्या तोंडावरच, २००२ च्या अखेरीस, नशा करणाऱ्या आणि पूर्वी करत असलेल्या काही जणांनी ‘थाई ड्रग यूजर्स नेटवर्क’ ही संघटना उभी केली होती. पैसान सुवन्नावोंग हे तिच्या संस्थापकांपैकी एक. ते स्वतः सुईने नशा करत असत आणि एचआयव्हीसह जगत होते. जुलै २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय एड्स परिषद बँकॉकलाच भरली आणि उद्घाटन समारंभात त्यांना बोलायला मिळालं. मात्र त्यांची पाळी आली तोवर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

टेनोफोविरची चाचणी या वातावरणात आखली गेली. पैसा अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा, सहकार्य थायलंडच्या आरोग्य मंत्रालयाचं आणि बँकॉक महानगर प्रशासनाचं, जागा महानगराचे १७ दवाखाने. सहभागी होणाऱ्यांना समुपदेशन, एचआयव्हीची तपासणी, मेथाडोन, कंडोम आणि सुई धुण्यासाठी ब्लीच मिळणार होतं. नवी सुई मिळणार नव्हती. १९८८ पासून अमेरिकेच्या केंद्रीय निधीतून सुया वाटायला कायद्याने बंदी होती आणि थाई सरकारचंही धोरण अनुकूल नव्हतं.

संघटनेचा मुख्य आक्षेप इथेच होता. स्वच्छ सुई लागण थांबवते हे तोपर्यंत अनेक देशांनी अनुभवलं होतं. जे माहीत आहे ते द्यायचं नाही आणि जे माहीत नाही ते तपासायचं, हा कुठला न्याय? चाचणीचा आराखडा करताना आम्हाला विचारा, ही त्यांची दुसरी मागणी होती.

संशोधकांचं उत्तर ऐकायला हवं, कारण ते पोकळ नव्हतं. बँकॉकमध्ये सुई-सिरिंज औषधाच्या कुठल्याही दुकानात चिठ्ठीशिवाय, थोड्या पैशांत मिळते. मग चाचणीने ती न दिल्याने अडतं कुठे, असं ते म्हणत. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे हे खरं होतं. पण मला दुकानाचा काउंटर माहीत आहे. समोरच्या माणसाच्या कपड्यांवरून, हातावरच्या खुणांवरून ‘माल नाही’ म्हणायला दुकानदाराला कायदा लागत नाही. आणि सुई विकत घेणं गुन्हा नसलं, तरी खिशात सुई सापडणं हे पोलिसाला झडतीसाठी पुरेसं निमित्त असतं. ज्या शहरात वर्षभरापूर्वी याद्या फिरल्या होत्या, तिथे स्वस्त सुईची खरी किंमत दुकानातल्या पाटीवर लिहिलेली नसते.

शेजारच्या कंबोडियात याच औषधाची चाचणी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांवर होणार होती. चाचणीत काही अपाय झाला तर आमच्या उपचारांची दीर्घ मुदतीची हमी कोण घेणार, असं त्यांनी विचारलं. ऑगस्ट २००४ मध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी ती चाचणीच थांबवली. फेब्रुवारी २००५ मध्ये कॅमेरूनमधली चाचणीही बंद पडली. बँकॉकमधली मात्र जून २००५ मध्ये सुरू झाली. हा फरकही बोलका आहे. पण त्या विरोधाचा ठसा पुढे उमटला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने अशा चाचण्यांसाठी नैतिक मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. चाचणीत उतरणाऱ्याला बचावाची सर्व सिद्ध साधनं मिळाली पाहिजेत आणि त्यांत निर्जंतुक सुईही मोडते, ही भूमिका त्यात आहे.

आता चाचणीच्या आत डोकावू. तिथे अज्ञानाचा सिद्धांत अगदीच टिकत नाही. सहभागींना निवड दिली होती : रोज दवाखान्यात येऊन परिचारिकेसमोर गोळी घ्या, नाहीतर महिन्याच्या गोळ्या घरी न्या. सुमारे ८७ टक्के काळ त्यांनी रोज येणं पसंत केलं. येण्याजाण्याचा भत्ता मिळे, ओळखीचं माणूस भेटे, कुणी पोलिसात देत नसे. ज्यांना आपण बेशिस्त म्हणतो ती माणसं वर्षानुवर्षं रोजच्या रोज रांगेत उभी राहिली. सुई वापरणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ६३ टक्के होतं, ते वर्षभरात २३ टक्क्यांवर आलं. दुसऱ्याची सुई वापरणारे १८ टक्क्यांवरून दोन-अडीच टक्क्यांवर आले. ही घट दोन्ही गटांत होती, म्हणजे ती गोळीने घडवलेली नव्हती. नेमकी कशाने, ते या चाचणीतून सांगता येत नाही. पण महिन्यातून एकदा तरी कोणीतरी माणसासारखं बसवून बोलत होतं, हे त्या काळात त्यांच्या आयुष्यात नवं होतं. याच घटीमुळे टीकाकारांना आणखी एक प्रश्न विचारता आला : सुया वाटून घेणं इतकं कमी झालं असेल, तर गोळीने थांबवलेली लागण सुईतून येणारी होती की शरीरसंबंधातून? चाचणीच्या रचनेतून हे वेगळं काढता येत नव्हतं.

एक आकडा मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. चाचणीच्या काळात ५० जणांना एचआयव्हीची लागण झाली आणि १०७ जण मरण पावले. मृत्यूंमध्ये दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता, तेव्हा दोष औषधाचा नाही. अतिमात्रा आणि रस्त्यावरचे अपघात ही त्यांतली ठळक कारणं. यातून त्या माणसांचं गणित उलगडतं. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या आयुष्यात एचआयव्ही हा एकच धोका दिसतो. त्यांना मात्र आजची अतिमात्रा, आजची झडती, आजची झोपायची जागा आणि मग केव्हातरी एचआयव्ही, असा क्रम लावावा लागतो. एकाच धोक्यावरची गोळी कोणी घेऊन आलं, तर ‘बाकीच्यांचं काय?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नसून हिशेबाचा आहे.

चाचणी संपल्यावर ही गोळी सहभागींना मोफत देऊ केली गेली. हयात असलेल्या २,३०६ जणांपैकी १,३४८ जण २०१३-१४ मध्ये परत आले. त्यांपैकी १,३१५ पात्र ठरले आणि ७९८ जणांनी गोळी घ्यायचं ठरवलं. हेरॉइन टोचणारे आणि तुरुंगात राहून आलेले यांचं प्रमाण त्यांत जास्त होतं. म्हणजे ज्यांना धोका अधिक, त्यांनीच ती अधिक निवडली. वर्षभर टिकले मात्र ३३९, आणि २२० जण पुन्हा फिरकलेच नाहीत. पहिल्या आकड्यात माणसांची समज दिसते, दुसऱ्यात त्यांची परिस्थिती. धोका ओळखणं आणि रोज गोळी घेता येईल असं आयुष्य हाती असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतही हेच चित्र दिसलं. तिथल्या औषध प्रशासनाने जुलै २०१२ मध्ये प्रेपसाठी पहिली मान्यता दिली, ती शरीरसंबंधातून होणाऱ्या लागणीपुरती. सुईचा उल्लेख त्या मान्यतेत नव्हता. साहजिकच सुईने नशा करणाऱ्या अनेकांची समजूत ‘ही गोळी समलिंगी पुरुषांसाठी आहे’ अशीच राहिली. मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासांत बाकीची कारणंही येतात : मी कोणाची सुई वापरत नाही, मला घर नाही, गोळ्या ठेवू कुठे, डॉक्टरला नशेचं सांगितलं की त्याची नजर बदलते. फिलाडेल्फियात मात्र सुया देणाऱ्या केंद्रातच स्त्रियांना प्रेप देऊ केलं गेलं, तेव्हा ९५ पैकी ६३ जणींनी होकार दिला. गोळी नियमित घेणं त्यांनाही जड गेलं. पण होकार आला तो त्या टेबलावरून, जिथे आधीपासून सुई मिळत होती.

२०१६ मध्ये नशा करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ‘इनपुड’ने, वेगवेगळ्या प्रदेशांतल्या आपल्या लोकांशी बोलून प्रेपबद्दलची मतं प्रसिद्ध केली. त्यात सरसकट नकार नाही. जोडीदाराला कंडोम वापरायला लावू न शकणारी स्त्री, सुई मिळण्याची सोयच नसलेला कैदी, यांना गोळी उपयोगी पडू शकते हे तिथे मान्य आहे. भीती आहे ती गोळी सुईची जागा घेईल याची. सुया वाटण्याचं राजकीय ओझं नको असलेल्या सरकारला गोळी हा सोयीचा मार्ग आहे. ती स्वच्छ दिसते, तिच्यात नशेला ‘उत्तेजन’ नाही. सुई मात्र नशा चालू आहे हे मान्य करून दिली जाते, आणि तेवढंच नेमकं कोणाला नको असतं.

आपल्याकडे हे सगळं परकं नाही. मणिपूरमध्ये १९८९ च्या अखेरीपर्यंत सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही सापडत नव्हता; पुढच्या सहा महिन्यांत जवळपास निम्म्यांत सापडला. बँकॉकचीच पुनरावृत्ती. पण त्या राज्याने १९९६ मध्ये स्वतःचं एड्स धोरण केलं आणि स्वच्छ सुया देण्याला त्यात जागा दिली. नंतर राष्ट्रीय कार्यक्रमानेही तो मार्ग स्वीकारला. मुंबईत ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’सारख्या संस्था रस्त्यावरच्या नशेबाजांमध्ये हे काम करत आल्या. तरीही २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सर्वसाधारण प्रौढांमध्ये लागण ०.२२ टक्के होती, तर सुईने नशा करणाऱ्यांत ६.२६ टक्के.

मराठीत या माणसासाठी एक शब्द आहे : गर्दुल्ला. मुंबईत ब्राऊन शुगर आली, तिचं नाव ‘गर्द’ पडलं आणि ती ओढणारा गर्दुल्ला झाला. त्याच काळात अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहून या माणसाची कथा मध्यमवर्गीय घरात नेली. १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं, पु. लं.चा हात त्यामागे होता. असंख्य घरं त्यामुळे सावरली. आपल्या मनातली व्यसनाची गोष्ट तिथून घडली : माणूस पडतो, हात मिळतो, तो उठतो. ज्याने अजून सोडलेलं नाही, कदाचित सोडणारही नाही, त्याचं आज रात्री काय, या प्रश्नाला मात्र त्या गोष्टीत फारशी जागा उरत नाही. सुईचा आणि गोळीचा प्रश्न नेमका त्याचा आहे.

या इतिहासात भारताचा आणखी एक धागा आहे. टेनोफोविरवर भारतात पेटंट मिळावं म्हणून अमेरिकी कंपनीने अर्ज केला, तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्या भारतीयांच्या संघटनांनी त्याला हरकत घेतली. सप्टेंबर २००९ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. ही गोळी स्वस्तात बनत राहिली ती अशा लढ्यांमुळे. ज्यांना आपण औषध घेणारे म्हणून मोजतो, त्यांनी औषधाच्या इतिहासात स्वतःचा हात घातला आहे. बँकॉकच्या कार्यकर्त्यांनाही हेच हवं होतं : आम्हाला मोजा, पण आधी विचारा.

जून २०२५ मध्ये अमेरिकेत लेनाकॅपाविर या नव्या प्रतिबंधक औषधाला मान्यता मिळाली. हे रोज घ्यायचं नाही. सहा महिन्यांतून एकदा टोचून घ्यायचं. कमी उत्पन्नाच्या देशांसाठी ते बनवण्याचे परवाने २०२४ मध्ये ज्या सहा कंपन्यांना दिले गेले, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. घर नसलेल्या, गोळ्या हरवणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं काय असणार? ज्या हातांना सुई बाळगल्याबद्दल मार पडला, त्याच हातांना आता बचावासाठी सुई टोचली जाईल. ती टोचणाऱ्या टेबलावर घरी न्यायला स्वच्छ सुयांचं पाकीट ठेवलेलं असेल की नाही, हे प्रत्येक शहराने ठरवायचं आहे. रांगेतला माणूस आधी तेच पाहील.